आरजीडी, इंटिग्रिन आणि ई-कॅडहेरिन: एका संशोधकाचे पेपर सालवार वाचताना

मायक्रोटोम

नमस्कार मंडळी.

भाचीला एम.एस्सी.च्या सेमिनारला विषय आलाय: कॅन्सरवर काम केलेला एक संशोधक निवडा, त्याचे पेपर सालवार वाचा आणि विषय कसकसा सरकला ते सांगा. तिने एर्क्की रुओस्लाह्ती निवडलेत. मूळचे फिनलंडचे, पुढची बरीचशी कारकीर्द कॅलिफोर्नियात. मी परळला हिस्टोपॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. त्यामुळे 'मामाला यातलं सगळं कळतं' असा घरात समज आहे. ब्लॉक कापणं आणि स्लाइड रंगवणं मला कळतं. पेपर वाचणं हे वेगळंच काम आहे, पण बसलो दोघं.

सुरुवात हेल्सिंकीत. १९७३ च्या सुमाराला रुओस्लाह्ती आणि व्हाहेरी यांना फायब्रोब्लास्टच्या (आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशींच्या) अंगावर एक मोठं प्रथिन सापडलं. विषाणू घालून पेशी कॅन्सरच्या वळणावर नेली की ते प्रथिन तिच्या अंगावरून जवळजवळ नाहीसं होतं. त्याच सुमाराला लंडनमध्ये रिचर्ड हाइन्स यांनाही तेच दिसलं. आज त्याला फायब्रोनेक्टिन म्हणतात. मग १९८४ चा 'नेचर'मधला पेपर, पियर्शबाखर यांच्याबरोबर. फायब्रोनेक्टिनच्या एका साखळीत दोन हजारांच्या वर अमिनो आम्लं असतात, आणि पेशीला चिकटून बसायला त्यातली कळीची फक्त तीन: आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल. आरजीडी. हा तुकडा बाटलीत बनवला, प्लेटवर लावला, पेशी चिकटल्या! हा पेपर मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

पुढच्याच वर्षी त्या आरजीडीला धरणारा रिसेप्टर वेगळा काढला. पद्धत मजेशीर आहे. फायब्रोनेक्टिनचा तुकडा लावलेल्या कॉलममधून पेशींचा अर्क सोडायचा, रिसेप्टर तिथे अडकतो, मग वरून आरजीडीचं पाणी ओतायचं की तो सुटून खाली येतो. या रिसेप्टरांचं घराणं म्हणजे इंटिग्रिन. माणसात २४ प्रकारचे.

नव्वदच्या दशकात गाडी रूळ बदलते. १९९६ आणि १९९८ चे पेपर ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांच्या 'पत्त्यां'बद्दल आहेत. मग २००९-१० ला आयआरजीडी नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. २०२२ ला लास्कर पुरस्कार, हाइन्स आणि टिमोथी स्प्रिंगर यांच्यासोबत.

आता माझी शंका. हर-टू हा रिसेप्टर बघा. स्तनांच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि अशा बायकांचा आजार जास्त वेगाने जातो, हा स्लेमन यांचा पेपर १९८७ चा. त्यावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत परवानगी १९९८ ला. अकरा वर्षांत काम झालं. चिकटण्याच्या रिसेप्टरवर १९८४-८५ पासून ढिगाने पेपर आहेत, बहुतेकांच्या प्रस्तावनेत कॅन्सर आहे. मग कॅन्सरच्या वॉर्डात त्याचं औषध कुठे आहे?

आगाऊ_प्रश्न

काका, आधी आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांसाठी सांगा. रिसेप्टर म्हणजे निरोप घेणारा ना? मग चिकटवणारा रिसेप्टर कसा? निरोप घेतो की गोंद लावतो?

पीएचडी_ग्रस्त

दोन्ही. आणि प्रश्न अजिबात आगाऊ नाही, आमच्या व्हायवाला हाच विचारतात.

हर-टूच्या आतल्या टोकाला स्वतःचं एन्झाइम असतं, टायरोसिन कायनेज. बाहेर जोडी जमली की आत ते चालू होतं आणि 'वाढ, विभाग' हा निरोप सुटतो. इंटिग्रिनच्या आतल्या टोकाला एन्झाइम नाही. ते बाहेर जाळीला (पेशींभोवतीच्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांच्या विणीला) धरतं, आत टॅलिनसारख्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला, आणि मग फॅक नावाच्या कायनेजला हाताशी घेऊन निरोप पाठवतं. शिवाय उलटंही चालतं: आतून हुकूम आला की इंटिग्रिन बाहेरची पकड घट्ट किंवा ढिली करतं. म्हणजे पेशीला 'मी कुठे बसलेय' हे त्याच्यामुळे कळतं. साधी एपिथेलियल (अस्तराची) पेशी जागेवरून सुटली की काही वेळाने मरते, याला अनोइकिस म्हणतात. कॅन्सरची पेशी सुटूनही मरत नाही. पसरण्यामागचं निम्मं गौडबंगाल तिथे आहे.

पेशी आणि जाळी यांच्यात इंटिग्रिन, पेशी आणि पेशी यांच्यात मुख्यतः कॅडहेरिन. ही दोन घराणी वेगळी ठेवा, नाहीतर सेमिनारला परीक्षक तिथेच पकडतील.

शुभा_मुलुंड

इथे विचारू का? मावशीच्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये हे सगळं आहे म्हणून धागा उघडला. 'इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमा. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू १+. ई-कॅडहेरिन: लॉस ऑफ मेम्ब्रेन स्टेनिंग.' डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्यांचं समजावलं, ऑपरेशनचं समजावलं. ई-कॅडहेरिनबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. घरात सगळे त्या 'लॉस' शब्दाला घाबरलेत. ते वाईट असतं का, आणि त्यावर औषध का देत नाहीत?

मायक्रोटोम

शुभाताई, औषधाचं डॉक्टर सांगतील. ती ओळ येते कुठून, ते मी सांगतो. अशा स्लाइड मी भरपूर केल्यात.

मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा. तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा. काच साधी चालत नाही, लेप दिलेली लागते, कारण पुढे तिला बफरमध्ये प्रेशर कुकरात उकळायचं असतं आणि साध्या काचेवरचा काप सुटून कुकरात फिरायला लागतो. (चिकटण्यावरचं माझं सगळं संशोधन एवढंच.) हो, कुकरच. तुमच्या-आमच्या घरातला. मग अँटिबॉडी, मग तपकिरी रंग, शेवटी केंद्रकांना निळा.

नेहमीच्या डक्टल (दुधाच्या नळ्यांच्या) कॅन्सरमध्ये ई-कॅडहेरिनची स्लाइड बघितली की प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ दिसते, मधमाशांच्या पोळ्यागत. लोब्युलरमध्ये ती रेघ नसते. पेशी एकट्या-दुकट्या, एकामागे एक ओळीने तंतूंच्या मधून चाललेल्या. त्याच काचेवर बाजूला एखादी निरोगी नळी असते, तिच्या कडा तपकिरी हव्यातच. त्या दिसल्या तरच म्हणायचं की रंग नीट चढलाय आणि लॉस खरा आहे. नसतील तर स्लाइड परत करायची. त्या 'लॉस' शब्दामागे एवढी खात्री केलेली असते.

डॉ_खडूस

शुभाताई, ई-कॅडहेरिनची ती ओळ प्रकार ओळखण्यासाठी आहे. 'हा लोब्युलर आहे' हे पॅथॉलॉजिस्टने पुराव्यानिशी लिहिलंय. घाबरण्यासारखी वेगळी बातमी त्यात नाही. लोब्युलरच्या पेशी एकमेकींना धरून नसल्याने गाठ नीट बनत नाही, म्हणून मॅमोग्राफीत कधीकधी निसटतो. त्यासाठी काही वेळा एमआरआय सांगतात. सांगितला असेल तर करून घ्या.

उपचार ठरतात ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांचे रिसेप्टर) आणि हर-टूवर. ईआर पॉझिटिव्ह ही कामाची ओळ आहे. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर एलवुड जेन्सन यांनी शिकागोत पन्नाशीच्या दशकाअखेरीस दाखवला, टॅमॉक्सिफेन १९७३ पासून ब्रिटनमध्ये वापरात आहे. पन्नास वर्षं उपयोगी पडलेलं औषध आहे ते. हर-टू १+ ला हर-टूचं नेहमीचं औषध लागत नाही. (२+ असता तर फिश, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजायची तपासणी, करायला लावली असती.) २०२२ नंतर १+ वाल्यांना 'हर-टू लो' म्हणून एक नवं औषध मिळू शकतं, पण ते आजार दूर पसरल्यावर. आत्ता तो विषय डोक्यात घेऊ नका.

आता औषध का नाही. रिसेप्टर जास्त झालाय, तर त्याच्यावर बसून अडवता येतं. हार्मोन रिसेप्टर आहे, तर त्याचं हार्मोन तोडता येतं. इथे प्रथिन नाहीसंच झालंय. जे नाहीच, त्याला अडवणार काय? आणि शरीरभरच्या करोडो पेशींत ते जनुक परत नेऊन बसवायचं तंत्र आज आपल्याकडे नाही. ओपी (धागा काढणारे काका) विचारतायत त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

शुभा_मुलुंड

खूप खूप आभार डॉक्टर, आणि काका तुमचेही. मावशीला कुकरचं सांगितलं, ती हसली. एकच: हे घराण्यात येतं का? मी नेटवर काहीतरी पोटाचं वाचलं.

डॉ_खडूस

नेटवर वाचू नका म्हणून सांगून उपयोग नसतो, म्हणून नीट सांगतो. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात ई-कॅडहेरिनच्या जनुकातला, म्हणजे सीडीएच-१ मधला, जन्मजात दोष सापडला. त्या कुटुंबात तरुण वयात पोटाचा कॅन्सर होत होता. असा दोष असलेल्या बायकांना लोब्युलरचा धोकाही वाढतो. पण लोब्युलर झालेल्या बहुतेकांमध्ये दोष फक्त गाठीत असतो, जन्मजात नसतो. नात्यात कुणाला पोटाचा 'डिफ्यूज' प्रकारचा कॅन्सर किंवा आणखी कुणाला लोब्युलर झाला असेल, तर जेनेटिक समुपदेशकाला भेटा. नसेल तर तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून मोकळं व्हा.

आगाऊ_प्रश्न

काका, लॉस झालाय तिथलं समजलं. पण इंटिग्रिन तर लॉस नाही ना? ट्यूमरमध्ये ते जास्तच असतात म्हणे. मग त्यांना अडवा की.

पीएचडी_ग्रस्त

अडवलं. सायलेन्जिटाइड. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी, आरजीडीची गोल वळवलेली आवृत्ती. अल्फा-व्ही बीटा-३ आणि बीटा-५ ही दोन इंटिग्रिन अडवायचं. प्रयोगशाळेत झकास, छोट्या चाचण्यांत आशादायक. तिसऱ्या टप्प्यात ५४५ रुग्ण. नेहमीच्या उपचारांसोबत औषध घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान २६.३ महिने, न घेतलेल्यांचंही २६.३. दशांशसुद्धा हलला नाही. निकाल २०१४ ला छापून आला आणि औषध संपलं.

त्याआधीच, २००९ ला, लंडनच्या एका गटाने छापलं होतं की अशी औषधं कमी मात्रेत असली तर उंदरांत ट्यूमर आणि त्याच्या रक्तवाहिन्या वाढतात. आरजीडीची नक्कल करणारा रेणू इंटिग्रिनला नुसता अडवत नाही, कधीकधी चेतवतोही.

डॉ_खडूस

शिवाय २४ इंटिग्रिनांपैकी आठ आरजीडी ओळखतात. दोन अडवलीत तर बाकीची बसलीयत काम सांभाळायला.

कॅथलॅबवाला

मंडळी, तुम्ही चुकीच्या वॉर्डात शोधताय. इंटिग्रिनचं औषध आम्ही रोज वापरतो. टायरोफिबान, एप्टिफिबटाइड. अँजिओप्लास्टीत गुठळी मोठी असली की सलाइनमधून लावतात. प्लेटलेटवर एक इंटिग्रिन असतं, अल्फा-टू-बी बीटा-३, ते फायब्रिनोजेनला धरतं आणि प्लेटलेट एकमेकींना जोडल्या जातात. ही औषधं त्या पकडीतच घुसतात. टायरोफिबान म्हणजे आरजीडीचीच नक्कल. दोघांनाही अमेरिकेत १९९८ ला परवानगी. ट्रास्टुझुमॅबचंच साल, बघा.

आणि हा रेणू सुचला कुठून? फुरशाच्या विषातून. त्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन आहे, त्यात आरजीडी आहे.

देवगडकर

काय सांगताय! आमच्याकडे भाताच्या पेंढ्याखाली आणि जांभ्याच्या गडग्यात हात घालायचा नाही, हे पोराला चालता यायच्या आधी शिकवतात. वीतभर लांबीचा, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज काढणारा, आणि चावला की हिरड्यांतून, जखमेतून रक्त थांबत नाही. माझ्या आजोबांना चावलं होतं, कणकवलीला नेईपर्यंत पाय काळानिळा.

आणि त्याच विषाचं औषध हृदयाच्या पेशंटला? रक्त न थांबणं हीच त्यातली गोष्ट म्हणायची.

कॅथलॅबवाला

अगदी. रक्त न थांबण्याची त्या विषात आणखीही कारणं आहेत, पण हे एक नक्की. आणि म्हणूनच मात्रा नि वेळ मोजून. काही तास लावायचं, काढायचं. त्याच तत्त्वावरच्या गोळ्या काढून महिनोन्महिने देऊन बघितल्या होत्या, त्यात मृत्यू वाढले. तो नाद सोडून दिला.

मायक्रोटोम

वा! हे भाचीच्या यादीत कुठेच नव्हतं. अवांतर: परळला हाफकिन आणि टाटा हॉस्पिटल चालण्याच्या अंतरावर आहेत. एकीकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच्या लशीचं काम, दुसरीकडे कॅन्सर. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही फाटकांवरून जायचो आणि आरजीडीमार्गे यांचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नाही.

मग असं म्हणायचं का, की रक्तात ते जमलं कारण तिथे इंटिग्रिन एकच, ते फक्त प्लेटलेटवर, औषध शिरेतून थेट पोचतं आणि काम काही तासांचं? आणि ट्यूमरमध्ये यातली एकही सोय नाही?

डॉ_खडूस

हेच म्हणायचं. सेमिनारचा गाभा तयार झाला तुमच्या भाचीचा. याच पंगतीत आतड्याच्या दाहाचं व्हेडोलिझुमॅब (२०१४) आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं नॅटालिझुमॅब (२००४). दोन्ही पांढऱ्या पेशींची इंटिग्रिन अडवतात. तिथेही पेशी रक्तातच आहे आणि तिला भिंतीला धरू द्यायचं नाही, एवढंच काम.

पीएचडी_ग्रस्त

थोडी बाजू आमचीही घ्या. चिकटण्यावरचं काम मुंबईतही झालंय आणि चांगलं झालंय. टाटाच्या खारघरच्या संशोधन केंद्रातून, ॲक्ट्रेकमधून, २००८ मध्ये प्लाकोफिलिन-३ वर पेपर आला. डेस्मोसोम हा पेशी-पेशींमधला आणखी एक सांधा, त्यातलं हे प्रथिन. ते कमी केलं की पेशींची एकमेकींवरची पकड ढिली होते आणि उंदरांत गाठी पसरतात, असं त्यात दाखवलंय. तोंडाच्या कॅन्सरवरही तिथे इंटिग्रिन आणि केराटिन यांचं काम आहे. आपल्याकडच्या गुटखा-तंबाखूच्या पेशंटांसाठी हे महत्त्वाचं.

आणि एक किस्सा भाचीला द्या. कॅडहेरिन शोधणारे ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरला गेले, तेव्हा त्यांच्या पेशी एकमेकींना चिकटेनात. तेच प्रयोग, त्याच पद्धती. फरक निघाला ट्रिप्सिनच्या द्रावणात: तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं, आणि कॅल्शियम नसताना कॅडहेरिन ट्रिप्सिनपुढे टिकत नाही. त्यातून कॅल्शियमवर चालणारी पकड वेगळी काढता आली. आम्ही रोज पेशी सोडवायला ट्रिप्सिन-ईडीटीए ओततो आणि हे कुणाला आठवतही नाही. २००५ चं जपान प्राइझ ताकेइची आणि रुओस्लाह्ती यांना मिळून मिळालं, म्हणजे किस्सा विषयाला धरूनच आहे.

मायक्रोटोम

बाल्टिमोरवरून आठवलं. आपल्या कमल रणदिवे तिथेच जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. हेला पेशी ज्यांनी वाढवल्या तेच हे गाय. आमच्या वेळच्या जुन्या मंडळींच्या तोंडी बाईंचं नाव फार आदराने यायचं.

आगाऊ_प्रश्न

ते 'पत्ते' काय प्रकरण आहे? कुणीच बोलेना.

पीएचडी_ग्रस्त

ते खास रुओस्लाह्तींचं. त्यांची कल्पना अशी की प्रत्येक अवयवाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर वेगळे रेणू असतात, आणि ट्यूमरच्या रक्तवाहिन्यांवर आणखी वेगळे. ते स्वतःच याला रक्तवाहिन्यांचे पिनकोड म्हणतात. ४०००१२ लिहिलं की पाकीट परळलाच येतं, तसं. शोधायची पद्धत: अब्जावधी विषाणू घ्या, प्रत्येकाच्या अंगावर वेगळं पेप्टाइड, जिवंत उंदराच्या शिरेत सोडा, मग हवा तो अवयव काढून त्यात कोण अडकलंय बघा. हा १९९६ चा 'नेचर'. १९९८ च्या 'सायन्स'मध्ये असं पेप्टाइड डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाला जोडून ट्यूमरवर पाठवलं.

पण भाचीला सावध करा. त्या १९९८ च्या पेपरात 'स्तनाचा कॅन्सर' म्हणून ज्या पेशी आहेत त्या एमडीए-एमबी-४३५. या पेशी पुढे मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) निघाल्या, एम-१४ नावाच्या लाइनच्या. जगभर शेकडो पेपरांत त्या स्तनाच्या म्हणून वापरल्या गेल्यात. तिथे निशाणा रक्तवाहिन्यांवर होता म्हणून सगळा पेपर कोसळत नाही, पण स्लाइडवर 'ब्रेस्ट कॅन्सर' लिहून मोकळी झाली तर मी परीक्षक असतो तर सोडलं नसतं.

डॉ_खडूस

आणि आयआरजीडी? त्याचं तर कुणी नावच काढेना. २०१० च्या पेपरचा दावा: हे पेप्टाइड नुसतं सोबत दिलं, औषधाला न जोडता, तरी औषध ट्यूमरमध्ये खोल शिरतं. आधी ते इंटिग्रिनला धरतं, मग तिथे कापलं जातं, मग उरलेला तुकडा न्यूरोपिलिन-१ ला धरून आत जायची वाट उघडतो. सुंदर कल्पना. कॅन्सरचे गाजलेले प्रयोग परत करून बघण्याच्या एका प्रकल्पातून २०१७ मध्ये 'ईलाइफ' या नियतकालिकात स्वतंत्र पुनरावृत्ती छापून आली: औषध शिरण्यातही फरक सिद्ध झाला नाही, ट्यूमरच्या वजनातही नाही. हे का दडवायचं?

पीएचडी_ग्रस्त

दडवत कुणीच नाही. पण पूर्ण सांगा. ती पुनरावृत्ती एकाच जागी, एकाच प्रकारच्या ट्यूमरवर, एकदा केलेली. रुओस्लाह्तींचं म्हणणं होतं की इतर बऱ्याच प्रयोगशाळांना हा परिणाम मिळालाय. त्याच पेप्टाइडवरून बनलेल्या औषधाच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये माणसांवर चाचण्याही झाल्या आहेत.

डॉ_खडूस

'इतरांना मिळालाय' हे प्रत्येक जण म्हणतो. त्या अख्ख्या प्रकल्पात ५३ पेपरांतले १९३ प्रयोग परत करायचे ठरले होते, करता आले २३ पेपरांतले ५०. बाकीच्यांची कृतीच पेपरात धड लिहिलेली नव्हती, किंवा लेखकांनी साथ दिली नाही, किंवा सामान मिळालं नाही. माझा आक्षेप एका माणसावर नाही, पेपर लिहिण्याच्या या रीतीवर आहे.

पीएचडी_ग्रस्त

यावर मात्र प्रचंड अनुमोदन. आमच्या लॅबमध्ये एका जुन्या पेपरची अँटिबॉडी 'मागणीनुसार मिळेल' अशी आहे. मागणी करून केस पांढरे व्हायला आले.

देवगडकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शुभा_मुलुंड

मला यातलं निम्मं कळतंय, पण एक विचारते. मामांच्या फाइलमध्ये सीईए म्हणून रक्ताची तपासणी आहे, आतड्याच्या कॅन्सरनंतर दर काही महिन्यांनी करतात. तोही असाच रिसेप्टर आहे का?

डॉ_खडूस

चांगलं विचारलंत. सीईए १९६५ मध्ये सापडला, आतड्याच्या कॅन्सरची खूण म्हणून. तो स्वतः पेशी-पेशींना चिकटवणारा रेणू आहे हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं, तोवर रक्तात मोजायची पद्धत कधीच रुळली होती. त्याचं काम काय याच्याशी आम्हाला आजही घेणंदेणं नाही, आकडा वाढतोय का एवढंच बघतो. एपकॅमचंही तेच. नावातच ॲढेजन, म्हणजे चिकटणं, आहे, आणि वापर काय, तर रक्तातल्या फिरत्या कॅन्सर पेशी गळाला लावायला.

मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये नेक्टिन-४ आहे, तोही चिकटवणारा रेणू. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन त्याला धरून पेशीत विष नेऊन सोडतं, २०१९ ला परवानगी मिळाली. ते औषध चिकटणं थांबवत नाही. नेक्टिनचा उपयोग फक्त दार सापडण्यापुरता. जठराच्या कॅन्सरमध्ये क्लॉडिन १८.२ चं औषध २०२४ ला आलं, त्यातही क्लॉडिनवर बसून रोगप्रतिकारक यंत्रणेला बोलवायचं, एवढंच. तेव्हा ओपींच्या मूळ शंकेचं उरलेलं उत्तर हे: चिकटण्याचे रेणू कॅन्सरच्या वॉर्डात आलेत, पण खूण म्हणून आणि पत्ता म्हणून. चिकटण्याचं काम बंद किंवा चालू करून कॅन्सर बरा करणारं औषध मी तरी प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नाही.

पीएचडी_ग्रस्त

म्हणजे पत्त्याची कल्पना रुओस्लाह्तींचीच जिंकली म्हणा की.

डॉ_खडूस

नाही. अँटिबॉडीला विष जोडायची कल्पना त्यांच्या आधीपासूनची आहे आणि स्वतंत्र वाटेने आली. ओढूनताणून वंशावळ लावू नका. त्यांचं खणखणीत नाणं १९८४-८५. त्याच्यावर फुरशाचं औषधही समजतं आणि लास्करही.

भाची_मायक्रोटोमची

मामाने लिंक दिली, सगळं वाचलं. सर्वांचे आभार, फुरशाची स्लाइड तर घेणारच. क्रम असा ठरवलाय: फायब्रोनेक्टिन, आरजीडी, रिसेप्टरचा कॉलम, मग टायरोफिबान आणि सायलेन्जिटाइड एकाच स्लाइडवर शेजारी-शेजारी, मग पत्ते (पेशींच्या नावाखाली तळटीप घालून), मग आयआरजीडी. ताकेइचींचा किस्सा तोंडी सांगेन.

आयआरजीडीच्या स्लाइडवर 'रेप्लिकेशन फेल' असं शीर्षक देऊ का? गाइड म्हणतात नको, मैत्रीण म्हणते दे.

डॉ_खडूस

'फेल' नको. 'या प्रयोगात फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही' असं लिही. दोन्ही पेपरांतले आलेख एकाच मापाच्या अक्षावर काढ, प्रत्येक गटात उंदीर किती होते ते खाली लिही. २०१० च्या पेपरात एररबार (आकड्यातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) कसले आहेत ते आधी बघ. परीक्षक तिथेच बोट ठेवणार.

भाची_मायक्रोटोमची

बघितले सर, ते दोन्हीकडे एकसारखे नाहीत असं दिसतंय. आलेख परत काढते.

आगाऊ_प्रश्न

सेमिनारला बाहेरच्या लोकांना येऊ देतात का? कॉमर्सवाले शांत बसतील.

भाची_मायक्रोटोमची

नाही देत. चहा-सामोसेसुद्धा फक्त परीक्षकांना असतात.